काखेत उतरलं का?

८ नोव्हेंबर २०१७
नवरा जित्ता असताना माझ्या केसांतली घुगरी-टोपली काढायले सांगणारी ती दवाखान्यातली पोरगी कोण! म्हणे, "आजी, एमआरआय आहे. अंगावर धातूचा कणही चालत नाही." आमच्या तांड्यात ही चांदी बाईच्या केसांतून एकदाच निघते — धनी गेल्यावर. मी सांगतलं, "मग तुह्या मशीनलेच म्हण, डोळे मिटून घे."
नंबर गेला. नेमसिंग यवतमाळपासून बोरी अरबपर्यंत एसटीत तोंड फुगवून बसला. पोटचा पोरगा, पण रुसणं जावयाचं.

१० नोव्हेंबर
राग गेला. भीती राह्यली, ती लिहिते.
छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. आता डॉक्टरीणबाईले पाहायचं आहे, रोग काखेतल्या गाठींत उतरला का. नसल उतरला, त सगळी काख खरवडायची गरज नाही. खरवडली त हात सुजू शकते, जड होऊ शकते. अन् हाताबिगर मी काय कामाची? तोंडानं कापूस वेचता आला असता त मी एकटीनं शेत उरकलं असतं!

१३ नोव्हेंबर
औंदा बोंडअळीनं घात केला. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत गुलाबी अळी.
काख चाचपून पाह्यली. काहीच लागत नाही.

२१ नोव्हेंबर
झाला एमआरआय! पण म्हाताऱ्यामुळं झाला, हे कबूल.
सगळ्यायदेखत मले बाकावर बसवलं अन् स्वतः माझे केस सोडायले लागला. एक घुगरी काढे, दोन केस उपटे. आमच्याच समाजाची एक बाई बाजूले बसली होती. म्हणे, "कायले करता बाबा? अपशकुन होते."
त म्हणे, "मी समोर जित्ता उभा आहो ना? मीच काढून राह्यलो. ज्याले शंका असल त्यानं मले चिमटा घेऊन पाहा!"
लग्नापासून पहिल्यांदा शहाण्यावाणी बोलला. सगळी चांदी धोतराच्या सोग्यात बांधून दाराशी बसून राह्यला. मले रडू नाही आलं. केस ओढले म्हणून डोळ्यात पाणी आलं.
आत पालथं निजवलं, छातीखाली दोन खड्डे. म्हशीवाणी! शिरेत दवा सोडली. मग आवाज — जिनिंगच्या मशीनखाली उशी घेऊन निजावं तसा. मी हालली नाही. "आजी, इतकं निपचित कोणी राहत नाही," तीच पोरगी म्हणे. मी तिले इतकं बोलली होती, तरी पायावर पांघरूण तिनंच घातलं. भलं होवो तिचं. चांगला नवरा भेटो — केस न उपटणारा.

२४ नोव्हेंबर
नेमसिंग रिपोर्ट घेऊन आला. "याडी, सब साफ आहे!"
सेवाभायाले भोग लावला. डॉक्टरीणबाई, ती पोरगी, मशीन बनवणारा, सगळ्यायसाठी मागतलं. ज्यायले ज्यायले शिव्या दिल्या त्यायच्यासाठीही मागतलं. म्हणून वेळ लागला. म्हाताऱ्यानं गूळ वाटला, अर्धा स्वतःच खाल्ला.

२५ नोव्हेंबर
नेमसिंग जेवला नाही. म्हणे पोट बिघडलं. याचं पोट कधी बिघडते?

२७ नोव्हेंबर
नेमसिंग आंघोळीले गेला अन् त्याचा फोन वाजला. मीच उचलला. डॉक्टरीणबाई. "रुपीबाई, काखेतली एक गाठ संशयाची दिसतेय. सुईनं तपासायला हवी. शुक्रवारीच तुमच्या मुलाला सांगितलं. तुम्ही अजून का आला नाहीत?"
एक गाठ. हाताले लागत नव्हती, मशीनले दिसली. दिसली हेच बरं झालं.
उद्या पहिल्या एसटीनं जाते. आजपासून दवाखान्याचा फोन आला त मीच बोलीन. नेमसिंगनं हात लावायचा नाही.