चांदणीनं पाणी सोडलं

चांदणीच्या मालकाले,

तुमचं नाव तुमी असताना घेतलं नाही, आता काय घेऊ? पण पत्र लिहिल्याबिगर राहवलं नाही. तुमच्या घोडीनं पाणी सोडलं होतं. अख्खं मलकापूर भाजून निघून राह्यलं, अन् ही बाई तेरवीपासून बादलीत नुसतं तोंड ओलं करून बाजूले होत होती!

मी सगळं तुमच्यासारखंच केलं बरं. सकाळीच निंबाखाली बांधली, मानेवर ओलं गोणपाट टाकलं, पायांवर पाणी मारलं, बादलीत मीठ-गूळ घातलं. ढोराचे डॉक्टर येऊन पाहून गेले. म्हणे, ही आता प्यायली नाही तर हातची जाईल.

दुपारचे बारा वाजले की ती कान टवकारून फाटकाकडे पाहते. कोण येते हो तेव्हा? मीही पाहते. कोणीच नसते. तरी डोक्यावरचा पदर सारखा करते, इतकी येडी झाली मी.

त्या दिवशीही बाराच वाजले होते. नवरदेव चांदणीवर, वरात रस्त्यात थांबलेली, बँडवाले वाजवून राह्यले, खालून डांबराचे चटके. तुमी आपल्या डोक्याचा ओला दुपट्टा काढून चांदणीच्या डोक्यावर टाकला अन् उघड्या डोक्यानं लगाम धरून चालले. काऊन असं केलं? तुमाले डोकं नव्हतं काय?

सकाळी निघताना तुमी म्हणले होते, "गिलासभर ताक दे वं." उठल्यापासून तुमी तिच्याच मागं, माझ्याशी एक शब्द नाही. मी फणकारली, "आपल्या घोडीलेच मागा!" तुमी हसले अन् गेले. ऊन लागलं, अन् घरी आले ते चौघांच्या हातावर. ताक माठापाशी तसंच झाकलेलं होतं. माझी जीभ झडली काऊन नाही तेव्हा!

तो दुपट्टा तिच्या खुंट्यावर लटकून होता. ती तो हुंगायची अन् प्यायची. तेरवीले मी तुमचे सारे कपडे धुतले, त्यात तोही धुऊन टाकला. तुमचा वासच घालवला हो मी! रागावले असाल तर रागवा.

काल बारा वाजता ती परत फाटकाकडे पाहू लागली. मी बादली तिच्या तोंडाशी धरली, अन् आवाज आला, "पी वं माय, पी." तुमचाच! तसाच घोगरा, तसाच लाडाचा. दचकून मागं पाहिलं. मंग समजलं, ओठ माझेच हलले होते. चांदणीनं बादली रिकामी केली.

तेव्हापासून मी कोणाशी बोललीच नाही. परत तो आवाज निघाला तर? अन् नाहीच निघाला तर?

बाराच्या वरातीची सुपारी मी परत पाठवली. ऊन उतरल्याबिगर चांदणी निंबाखालून हलणार नाही, हा माझा शब्द. अन् आजपासून रोज बाराच्या आत खुंट्यापाशी ताक भरून ठेवीन. तुमाले मागायचं काम नाही.

तुमची,
चांदणीची सवत