रोज वीस, तेही ओळखीच्यांनाच

डोंबिवली पूर्व,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. विनीत,

तुला आणि मैथिलीला ताईचे आशीर्वाद. डोंबिवलीहून टिटवाळ्याला पोस्टाने पत्र टाकतेय म्हणून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि माझे मेल कुठे जाऊन पडतात ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

इकडे ठीक. गुडघा बोंबलतोय. केंद्रात दिवसाला एखादं स्थळ नोंदवायला येतं, कधी तेही नाही. परवा साकेतची आई भांडायला आली. त्याच्यासाठी आलेलं स्थळ आपण मेलने कळवलेलं, ते स्पॅममध्ये पडून राहिलं आणि मुलीचं दुसरीकडे जमलंसुद्धा. काय बोलणार? पाणी दिलं, ऐकून घेतलं. आईने चौतीस वर्षं चालवलेलं वधू-वर केंद्र माझ्या हातून बुडतंय रे. थकले मी.

केंद्राच्या नव्या मेल-पत्त्यासाठी तू भिंतीला चिकटवलेला कागद अजून तिथेच आहे. पहिला आठवडा रोज वीस मेल, तेही ओळखीच्यांनाच. उत्तरं येतील तसे हळूहळू वाढवायचे, सहा आठवडे दम धरायचा. नव्या पत्त्यावरून एकदम ढीगभर मेल सुटले की मेलवाले आपल्याला फसवे समजतात, हे तू चारदा समजावलंस. "ताई, पाहुणे पहिल्यांदा घरी आले की तू लगेच लग्नाच्या याद्या करायला बसतेस का?" मी म्हटलं, नाही बाबा.

मग श्रावणात गुरुपुष्यामृत आला.

हे लिहायचं टाळत होते. तू जेवायला गेलेलास. एवढा चांगला मुहूर्त आणि वीसच मेल पाठवायचे, हे काही मनाला पटेना. आपल्या वधू-वर मेळाव्याची नऊ हजार निमंत्रणं मी एका दमात सोडली. आणि तुला सांगितलं नाही.

ठाण्याच्या हॉलमध्ये चारशे खुर्च्या आणि माणसं साठ. तेव्हा मी माइकवरून म्हणाले, "आमच्या भावाने कॉम्प्युटरचा घोळ घातला, माफ करा." सगळे वळून तुझ्याकडे बघायला लागले. मेल कधी गेले, कोणाच्या लॉगिनवरून गेले, तुला सगळं दिसत होतं. तरी तू खुर्च्या आवरल्यास आणि निघून गेलास. भांडला असतास तर बरं झालं असतं रे, निदान झोप तरी लागली असती मला.

त्या साठ जणांना गेल्या आठवड्यात एकेक करून फोन केले. मेल मी पाठवले, भावाचा काही दोष नाही, असं सांगितलं. कोणी हसलं, कोणी "बरं" म्हणून फोन ठेवला. सुदेशकाका तेवढे म्हणाले, "हे विनीतला सांगितलंस का?"

सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतेय. पण मेलवाल्यांकडे नाव एकदा खराब झाल्यावर वीससुद्धा जास्तच वाटतात. ज्यांचं उत्तर नक्की येईल अशांचीच यादी करायला बसले, तर अकरावर अडकले. मग अकरा तर अकरा. पंधरा दिवस तेवढेच पाठवीन, पंचांग उघडणार नाही.

बारावं नाव तुझं घातलंय. उत्तराची खात्री नसेल त्याला सुरुवातीला मेल पाठवायचा नाही, हे तूच शिकवलंस. तरी पाठवतेय.

तुझी वाट बघणारी,
चित्राताई