दारातला सेक्शन ऑफिसर

रविवार, संध्याकाळ. मयूर विहार.

जिंकले! आता लिहून ठेवतेच.

सईची अट होती: आज व्हिडिओ गेममधली ही मोहीम फत्ते झाली नाही, तर पुन्हा कंट्रोलरला हात लावायचा नाही. लेक आहे की हायकमांड? वर सल्ला, "आई, कंप्यूटरचे साथीदार बेकार असतात यार. त्यांना सोड आणि पळ." महिनाभर पळत होते आणि महिनाभर मरत होते.

खेळातल्या माझ्या तुकडीत एक शिपाई आहे, त्याला कंप्यूटरच चालवतो. मी त्याला सेक्शन ऑफिसर म्हणते. दारात उभा राहतो, स्वतः आत येत नाही आणि दुसऱ्याला येऊ देत नाही. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलीय, अशी माणसं मला लांबून ओळखू येतात.

मग यांना शिव्या कशाला घालायच्या? वापरावं की!

आज पळालेच नाही. त्याला सोबत घेऊन शेवटच्या खोलीत शिरले. साहेब सवयीने दारात अडले. बाहेर शत्रूंची ही गर्दी, आत एकजण सरकेल तर शपथ! मी निवांत बंदूक भरली आणि साहेबांच्या खांद्यावरून एकेकाला निकालात काढलं.

सई म्हणे, "नशीब तुझं."

नशीब? ती पाणी प्यायला उठली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. हललेच नाही.

"बरं बाई, कामाचा आहे तुझा साहेब!"

मग सरकले.