कडुनिंबाखालची बादली

शेंदूरजनाघाट
४ डिसेंबर २०१८

प्रिय अब्दुल सत्तार,

सलाम आणि नमस्कार दोन्ही पाठवतो आहे. तुला जो आवडेल तो ठेव, उरलेला जहाँआरा वहिनींना दे.

एका गंभीर प्रकरणी तक्रार करायची आहे. पोलिसात गेलो असतो, पण ते विचारतील काय चोरीला गेलं, आणि माझं उत्तर ‘काही नाही’ असं आहे. प्रकरण बादलीचं आहे. सकाळी जाईला पाणी घालून मी बादली अंगणातल्या पायवाटेवर ठेवतो आणि वरूडला कॉलेजात शिकवायला जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा ती तिथे नसते. दुसऱ्या सकाळी कडुनिंबाखाली सापडते, स्वच्छ आणि पालथी. वस्तू स्थावर असते नाहीतर जंगम. या बादलीला कोणत्या वर्गात बसवावं, हे इतकी वर्षं संस्कृत शिकवूनही मला ठरवता येत नाही.

मनकर्णा मेथी निवडत होती. तिला विचारलं.

“मी काहून हलवीन? मले दुसरे कामं नाहीत का?”

“मग कोणी हलवली?”

“तुमीच ठेवली असन तिथं. तुमाले सुभाषितं तेवढे ध्यानात राह्यते.”

बायकोची साक्ष अशी. पण बादली एकटी नाही. खाट सरकते. खुरपं भिंतीच्या खुंटीला जाऊन लटकतं. ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं मी फाटकापाशी टाकलं होतं, ते गोठ्यात सापडलं. चोर आहे म्हणावं तर तो काही नेत नाही, उलट आवरून जातो. असा चोर तुमच्या अकोल्यात असेल तर कळव, त्याला पगारावर ठेवायला तयार आहे.

हसलास ना? आता जरा कमी हस. शेजारच्या खुशालरावच्या विहिरीवरची मोटारीची केबल दिवाळीत कापून नेली. ती बसवायच्या भानगडीत तो पडलाच नाही, कारण विहिरीत ओढण्यासारखं पाणी उरलं नव्हतं. बाग वाळली होती. पंधरा दिवसांपूर्वी त्याने संत्र्याची झाडं तोडून लाकूड ट्रकात भरलं. आता फाटकापासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोकळं रान आहे. संध्याकाळी तिकडून माणसाचा आवाज येत नाही.

हे सीमाला कळलं, आणि लेकीने अकोल्याहून फर्मान काढलं: “बाबा, बाहेर चांगला कॅमेरा लावा, नाहीतर मार्चमध्ये निवृत्त झाल्यावर तुम्ही दोघं इकडे या.” तिच्या समोरचा फ्लॅट रिकामा आहे म्हणे. वादविवाद स्पर्धेसाठी तिला मीच तयार केलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

मला हे घर सोडायचं नाही, सत्तार. म्हणून कॅमेरा हवा. तू रेडिओ दुरुस्त करायचास ते दुकान तुझ्या सरफराजने कॅमेऱ्यांचं केलं, तेव्हा मी तुझी थट्टा केली होती. ती मागे घेतो. त्याला विचार, अंधारात खरोखर कोणता दिसतो? जाहिरातीत तर सगळेच घुबड. मला प्रत्यक्ष प्रमाण हवं.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून पत्र. मागच्या पत्रातल्या माझ्या ओळी चढावर गेल्या होत्या म्हणालास. उतारावर जाण्यापेक्षा बरं. बाकी ठीक. मोटारसायकल सध्या झाकून ठेवली आहे, गुडघा दुखतो. बसने जातो-येतो.

तुझा
भगवंत


शेंदूरजनाघाट
१६ डिसेंबर २०१८

प्रिय सत्तार,

तुझा मुलगा येऊन गेला. तुझ्यापेक्षा कमी बोलतो आणि जास्त सांगतो. हा गुण वहिनींकडून आला असावा.

दोन कॅमेरे घेऊन आला होता. म्हणाला, “काका, दोन्ही लावून देतो. एक दिवस हा, एक दिवस तो. पाहा आन् मंग सांगा.” दुकानदार असा असावा. दोन्ही त्याने आमच्या टीव्हीला जोडून दिले आहेत. खालच्या डबीत सगळं साठतं, मागचं पाहता येतं. वीज गेली तरी चालावं म्हणून बॅटरीही ठेवली, कारण आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते.

पहिला कॅमेरा मला फारच आवडला. अंधार पडला की त्याच्या तोंडाभोवती बारीक लाल ठिपके दिसतात. ते त्याचे दिवे. त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, त्याला मात्र दिसतो. म्हणजे आपण अंधारात उभे आणि तो उजेडात आपल्याला पाहतोय. या विषयावर मी सरफराजला इतके प्रश्न विचारले की त्याचा चहा दोनदा गार झाला. चित्र काळंपांढरं येतं. मनकर्णेचं हिरवं लुगडं पांढरं झालं, कुत्र्याचे डोळे चुलीतल्या निखाऱ्यासारखे. भिंगापुढे कोळी लोंबकळला तर म्हशीएवढा दिसतो. आधी त्याने कॅमेरा पडवीच्या छताला अगदी भिंतीलगत लावला होता. संध्याकाळी पाहतो तर भिंत लखलखीत आणि अंगण काळंठिक्कर. “जवळच्याच वस्तूनं सगळा उजेड खाल्ला,” म्हणाला, आणि खांबावर हलवला. तोही डोक्याच्या जरा वर, फार उंच नाही. नाहीतर चोराची नुसती टोपी दिसते.

दुसऱ्याला आपला पांढरा दिवा आहे. कोणी हललं की तो लागतो आणि चित्र रंगीत येतं. किडे मात्र जमतात, आणि चोराला कळतं की आपल्याला पाहिलं. तिसरा एक असतो, मोठ्या तोंडाच्या भिंगाचा. जवळपास एखादा बारका बल्ब असला तरी तेवढ्यावर रंग ओळखतो, पण पळणारा माणूस ओल्या शाईसारखा फरफटतो. तो महाग, म्हणून आणला नाही.

मी विचारलं, “जास्त मेगापिक्सेलचा घेतला तर?”

“त्याच्या मांगं नका लागू, काका. तेवढ्याच भाकरीवर जेवनारे वाढवले तं एकेकाच्या वाट्याले तुकडा येते. अंधारात उजेडाचं तसंच हाय.” मग म्हणाला, “तुमाले चोराचा रंग पायजे का चेहरा पायजे?”

“मला त्याचा हेतू पाहिजे.”

“हेतूवाला मॉडेल आला नाई अजून.”

मनकर्णा दारात उभी राहून ऐकत होती. तिने एकच विचारलं, “हा कवा जागा होते?”

“दिवस बुडला का याचे लाल ठिपके लागतात, काकू.”

“असं,” म्हणाली, आणि आत गेली. एवढ्या यंत्राबद्दल एवढाच प्रश्न. मला हा कुतूहलाचा अभाव वाटला.

बादली परवाही कडुनिंबाखाली होती. टीव्हीवर मागचं पाहायला सवड मिळालेली नाही. कॉलेजच्या परीक्षा आहेत.

निघताना सरफराजने हात पुढे केला होता, तो मी जरा उशिरा धरला. दिवस बुडून गेला होता, माझं लक्ष नव्हतं. त्याने तुला त्यातून काही सांगितलं असेल तर ते सोडून दे. वहिनींना सांग, संत्री पाठवतो. या वर्षी फळ लहान आहे, पण गोड.

तुझा
भगवंत


शेंदूरजनाघाट
२७ डिसेंबर २०१८

प्रिय सत्तार,

चोर सापडला.

परवा मनकर्णा बाजाराला गेली होती. मी दार लावून टीव्हीपुढे बसलो आणि लाल ठिपक्यांच्या कॅमेऱ्याचं मागचं सगळं पाहिलं. तिचा समज असा झाला होता की ठिपके लागेपर्यंत तो झोपलेला असतो. चूक तिची नाही, सरफराजचं उत्तर तसंच होतं. तो दिवसभर जागा असतो, हे मीही तिला सांगितलं नव्हतं.

ऊन कलतं. मनकर्णा पदर खोचून बाहेर येते. बादली उचलते, कडुनिंबाखाली नेऊन पालथी घालते. खाट ओढून भिंतीला लावते. ती खाट जड आहे, मध्येच थांबून कमरेवर हात ठेवते. खुरपं खुंटीला. मग फाटकापासून पडवीपर्यंतच्या पायवाटेवरून एकदा चालत जाते, पायाने चाचपत. एक दगड लागतो, तो उचलून कुंपणापलीकडे टाकते. मग पडवीत बसून भाजी निवडायला घेते. जणू दुपारपासून तिथेच बसली होती.

रोज. सुटी नाही.

त्यानंतर ठिपके लागतात, आणि फाटकातून एक माणूस आत येतो. त्याला ओळखायला मला वेळ लागला. डावा हात पुढे धरलेला, पावलं मोजून टाकतोय. पायवाटेच्या मध्यावर येतो आणि पाय लांबवून चाचपत सावकाश वळसा घालतो, कारण सकाळी त्याने तिथे बादली ठेवली होती. बादली नाही. कुठेच काही नाही. मोकळ्या अंगणात तो माणूस नसलेल्या बादलीला वळसा घालतो, आणि पडवीत बसलेली बाई मेथीची जुडी हातात तशीच धरून तो पायरीला लागेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहते.

मग ती म्हणत असणार, “आले का?” आवाज येत नाही, पण ती रोज तेच म्हणते. आणि मी रोज म्हणतो, “बादली कुठे गेली?”

दुसऱ्या कॅमेऱ्याचंही पाहिलं. तो चालू होता त्या संध्याकाळी मी फाटकात शिरलो, पांढरा दिवा लागला, आणि मी सरळ चालत आलो. हात खाली. पडवीत मनकर्णा भाजीच निवडत राहिली, मान वर केली नाही. सरफराज म्हणाला होता, पाहा आणि मग सांगा. पाहिलं.

तर दिव्यावाला ठेवतो, लाल ठिपक्यांचा परत ने. किडे येऊ देत. चोराला कळलं तरी चालेल. तू म्हणशील, मग साधा बल्ब लाव. तोही लावणार आहे, आणि खरं तर बल्बच पुरला असता. पण बल्ब का हवा हे मनकर्णेला सांगावं लागलं असतं. कॅमेऱ्याला कारण आयतं आहे.

गुडघा ठणठणीत आहे. दिवाळीआधी वरूडच्या रस्त्यावर मोटारसायकलपुढे बैलगाडी आली, ती मला बैलांच्या घुंगरांवरून कळली. त्या दिवसापासून गाडी झाकली. ठिबकचं वेटोळंही मी फाटकापाशी टाकलं नव्हतं. साप समजून काठीने बदडलं होतं आणि तसंच सोडून घरात आलो. ते गोठ्यात कोणी नेऊन ठेवलं, ते आता कळलं. वर्गात ढगाळ दिवशी मी मुलांना वाचायला सांगतो, मला पाठ आहे म्हणून. ओळी का चढतात हे तू मागेच विचारलंस. कडेचं दिसत नाही, सत्तार. कागदाचीही कड दिसत नाही.

आमचे वडील शेवटी कसे होते ते तू पाहिलं आहेस. अंजनगावला शाळेतून येताना तू त्यांचा हात धरून ओटा चढवायचास, आणि ते तुला माझ्या नावाने हाक मारायचे. त्यांचंही आधी संध्याकाळचं दिसणंच गेलं होतं. मग दुपारचं.

सीमाला वाटतं घराला धोका बाहेरून आहे. कॅमेरा लावला की तिचं समाधान होईल, आणि मार्चचं टळेल. पण तिला खरं कळलं तर ती आम्हाला नेईल, आणि तिचं चुकणार नाही. इथे मी आठवणीने चालतो. कडुनिंब कुठे, पायरी कुठे, मला माहीत आहे. त्या फ्लॅटमध्ये मला काहीच आठवणार नाही.

अमरावतीला डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत, त्यांचा पत्ता स्टाफरूममध्ये मिळाला. खिशात आहे. गेलो नाही.

मनकर्णेला मला कळल्याचं सांगितलेलं नाही. कालही मी विचारलं, बादली कुठे गेली. ती म्हणाली, “मले काय माहीत?” मी कडुनिंबाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिने आयुष्यभर खाटा ओढाव्यात असं मला वाटत नाही. तू ये. सरफराजला कॅमेरा न्यायला पाठवू नकोस, तूच न्यायला ये, सकाळच्या गाडीने. मला अमरावतीला घेऊन चल. डॉक्टर काय म्हणतील याचा अंदाज मला आहे, आणि ते एकट्याने ऐकायची भीती वाटते.

हे उन्हात बसून लिहिलं आहे.

तुझा
भगवंत