कापूस घराबाहेर

३ मार्च २०१४

पहाटे अफसानाचा श्वास पुन्हा अडकला. मानेखालची खळगी आत-आत जात होती. मोहसीननं मोटारसायकल काढली, मी तिला मध्ये धरून बसले, मोहसीनचे अब्बा दारात उभे राहून कलमा म्हणत होते. दवाखान्यात वाफ दिली तेव्हा कुठं ओठांना रंग आला. आठ वर्षांची पोर माझी!

डॉक्टरीण बाईंनी आज औषधाच्या आधी घराचंच विचारलं. घरात काय काय जाळता? – डासाची अगरबत्ती, जुम्मेरातीला लोबान. खिडक्या? – एक आहे, तिला पत्रा ठोकलाय, रस्त्याची धूळ येते म्हणून. झाडू कोरडा मारता का? फरशीला काय टाकता? मी सांगत गेले. शेवटी धंदा विचारला. मोहसीन म्हणाला, गाद्यांचा. कापूस पिंजायची मशीन कुठं आहे? – घरातच, पुढच्या खोलीत.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आधी घर बदला. औषध मग काम करेल."

५ मार्च

डासाच्या अगरबत्तीची सगळी पाकिटं बाहेर टाकली. माळ्यावरची मच्छरदाणी काढून धुतली, दोन ठिकाणी शिवली. खिडकीचा पत्रा मोहसीननं पक्कडीनं उपटला – खिळे गंजून भिंतीत रुतले होते. उजेड आला तसा पलंगाखालचा कापूस दिसला. मांजर बसल्यासारखा गोळा होऊन पडलेला. रोज झाडते मी इथं! कुठं झाडत होते?

आता कोरडा झाडू बंद. ओलं फडकं.

९ मार्च

पुन्हा गारा. शेजारच्या शरणम्माचा अर्धा कडुनिंब झोडपून निघाला. तिच्या अंगणातून पाला भरून आणला, धान्यात घातला. बोरिक पावडर फेकून दिली.

१७ मार्च

नव्या सवयी अंगवळणी पडून राहिल्यात. फिनाईल बंद, मिठाच्या पाण्यानं फरशी पुसते. भांड्यांना रिठा आणि राख. हात खरखरीत झाले, पण तो साबणाचा उग्र वास गेला. पुसल्याचं पाणी मेहंदीच्या झाडाला. भाजीचे देठ, सालं फुटक्या माठात – वर माती, पुन्हा सालं. पिशव्यांचं तर सोपंच निघालं. खोळींचं उरलेलं कापड पोत्यानं पडलंय, त्याच्याच शिवल्या. भाजीवाली म्हणाली, गादी घेऊन बाजाराला आलीस का!

जुम्मेरातीला लोबान बंद करा, हे अब्बांना कसं सांगावं कळेना. सासूबाई, बेगमबी, गेल्या तेव्हापासून त्यांच्या नावानं अब्बाच लोबान लावतात. मी सांगितलं नाही. पण परवा त्यांनी स्वतःच धूपदाणी घासून कपाटात ठेवली. म्हणाले, "बेगमबीची याद मला धुराशिवाय बी येती."

२ एप्रिल

अफसानाला पुन्हा त्रास झाला. आधीपेक्षा कमी, पण झाला. मशीन दुपारभर चालू होती. मधल्या दाराला मी ओली चादर लावली होती. संध्याकाळी काढली तर तिच्यावर पांढरी साय.

मोहसीनशी बोलले. तो चिडला नाही. म्हणाला, जूनमध्ये लातूरला क्लासची पोरं येतील – नांदेडची, बीडची, परभणीची. गल्लीगल्लीत होस्टेलं, प्रत्येक खाटेला गादी. वर्षाचं सगळं ह्या दोन-तीन महिन्यांत. मशीन कुठं नेणार?

४ एप्रिल

तोड अब्बांनी काढली. क्लासच्या भागात एका पत्र्याच्या शेडची जागा बघून आले, कुणाला न विचारता. मशीन तिकडं. तेही तिकडंच राहणार – राखणीला माणूस लागतोच म्हणाले. दुपारी जेवायला येतील, ते आंघोळ करून, कपडे बदलून.

मी म्हणाले, अब्बा, ह्या वयात? मोहसीन राहील. ते म्हणाले, "मोहसीनचं लेकरू हाय, बायको हाय. माझं कोण हाय वाट बघायला? लेकराला दम लागून राहिला अन् मी घरात कापूस उडवू का?"

मोहसीननं अडवलं नाही. मीही अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

१० एप्रिल

मशीन गेली. पुढची खोली चुन्यानं रंगवली. भिंतीतून कापूस निघत होता, भेगांतून ओढून काढावा लागला. हातानं पिंजायची जुनी धनुकली अब्बांनी सोबत नेली. तिचा आता उपयोग नाही. खांद्यावर टाकून चालत गेले.

घर केवढं मोठं झालं!

२८ एप्रिल

अफसाना गच्चीचा जिना एका दमात चढली. वरून ओरडली, अम्मी, थांबले नाही मी! मी खाली उभी राहून रडले.

१४ मे

ऊन फार आहे. चादरी, उशा रोज गच्चीवर टाकते. माठातली माती काळी झालीये, ओल्या रानासारखा वास. शरणम्मा येऊन सगळं बघून गेली. आता तिनंही डासाची अगरबत्ती बंद केली.

फक्त एक. अब्बा आता आत येत नाहीत. ओट्यावरच ताट मागतात. आंघोळ केली तरी केसांत, कानांत कापूस राहतो म्हणे. अफसाना "दादामियाँ" करून धावली की हात पुढं करून थांबवतात – लांबून, लांबून. ती रुसलीये. आज त्यांना पाणी द्यायला गेली नाही. ते गेल्यावर ओट्यावर त्यांच्या जागी जाऊन बसली.

६ जून

शेडवर डबा घेऊन गेले. दुपारची वेळ अन् शटर बंद. आत मशीन चालू. शटर वाजवलं, वाजवलं – मग उघडलं. आत काही दिसेना, सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून अब्बा आले. पापण्यांवर कापूस, मिशीवर कापूस, तोंडाला गमछा. पत्रा एवढा तापलेला की बाहेरचं ऊन गार वाटलं.

शटर का बंद? शेजारी क्लास आहे. तिथले सर येऊन गेले – नीट बोलले म्हणे, आवाज चढवला नाही – पोरांच्या वह्यांवर कापूस येतो, पोरं शिंकतात, परीक्षा आहेत. मग अब्बांनी शटर ओढलं. "लोकाची लेकरं हायत. त्यांचा बी दम सांभाळावा लागल."

मी म्हणाले, काम थोडं कमी घ्या. ते म्हणाले, जून काढू, मग बघू.

२० जून

अब्बांचा खोकला. धूळ आहे, जाईल म्हणतात. तुळस, आलं, गूळ उकळून पाठवलं.

२९ जुलै

ईद. अब्बा नवे कपडे घालून आले, अत्तर लावून. तरी ओट्यावरच. आज मी ऐकलं नाही, हाताला धरून आत आणलं. खिडकीजवळ बसवलं. त्यांनी चहूकडं बघितलं – पांढऱ्या भिंती, मच्छरदाणी, खिडकीत ठेवलेली पुदिन्याची कुंडी. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "चांगलं केलंस बाई घर."

शीरखुर्मा अर्धी वाटी खाल्ला. दम लागला म्हणून ठेवला. जेवताना दम!

मी मोहसीनला म्हणाले, अब्बांना दवाखान्यात ने. तो म्हणाला, हाव, पुढच्या आठवड्यात.

३० ऑगस्ट

अब्बा शेडमध्ये पडले. मोहसीन माल पोचवून परत आला तर मशीन चालू आणि अब्बा गाद्यांच्या थप्पीला टेकून बसलेले. डोळे उघडे, पण बोलता येईना. नखं निळी.

१ सप्टेंबर

दवाखान्यात अब्बांच्या छातीचा जोर बघायला नळीत फुंकायला लावलं. फुंकच निघेना. डॉक्टर भल्या माणसासारखे समजावून सांगत होते – कापसाची बारीक धूळ, जन्मभराची. छाती भरत आली होतीच, बंद शेडमधल्या उन्हाळ्यानं उरलेली जागा घेतली. आता औषधानं त्रास कमी होईल, छाती परत मिळणार नाही.

मग त्यांनी अब्बांना विचारलं, सुट्टीनंतर कामावर गेलं की त्या दिवशी जास्त आवळतं का?

अब्बांनी मान हलवली. आमची सुट्टी जुम्म्याची, शुक्रवारची. म्हणाले, "शनिवारी. हर शनिवारी. मला वाटायचं, एक दिवस आराम केला की अंग आळसावतं."

किती वर्षं, डॉक्टरांनी विचारलं. अब्बांना आठवेना. मोहसीन खिडकीतून बाहेर बघत होता. डॉक्टर म्हणाले, तुम्हीही एकदा फुंकून बघा. तो म्हणाला, मला काय झालंय? गाडी लावून येतो म्हणून खाली गेला. गाडी तर लावलेलीच होती.

१२ सप्टेंबर

अब्बांना घरी आणलं. खिडकीजवळची खाट त्यांना दिली – अफसानाची. घरात सगळ्यात चांगली हवा तिथंच आहे. शेजारी प्राणवायूची नळकांडी. गादी कापसाचीच. दुसरी कशाची आणणार, पिंजाऱ्याच्या घरात!

१९ सप्टेंबर

अफसाना शाळेतून आली की दप्तर टाकून थेट त्यांच्यापाशी. त्यांचा श्वास अडला की सांगते – दादामियाँ, घाबरायचं नाही, ओठ असे करा, फुंकर मारल्यासारखं. तिला दवाखान्यात शिकवलेलं. ते तिच्यासारखे ओठ करतात. दोघं समोरासमोर बसून फुंकर मारत असतात.

मी स्वयंपाकघरातून बघते. ओलं फडकं हातात असतं. किती पुसलं हे घर मी.

३० सप्टेंबर

पेपरात भूकंपाच्या स्मारकाचा फोटो. अब्बांनी मागून घेतला. नंतर बोलायला लागले, थांबत थांबत. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा ते धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे. त्या दिवशी किल्लारीच्या बाजूला एका गावात होते, केरबा नावाच्या शेतकऱ्याकडं. लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या. संध्याकाळी काम संपलं. केरबाची बायको धुरपताबाई म्हणाली, आज गणपती बुडवायचाय, जेवून इथंच झोपा, सकाळी जा. पण सासूबाईंना ताप होता म्हणून अब्बा शेवटच्या गाडीनं लातूरला आले. पहाटे जमीन हलली.

दुसऱ्या दिवशी तिथं गेले, दगड उपसायला. केरबाच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं. गाद्या मात्र निघाल्या. त्यांच्याच हातचे टाके. त्याच गाद्यांवर घालून माणसं नेली.

त्यानंतर धनुकली हातात धरवेना. म्हणून मशीन घेतली. पुढं क्लास आले, पोरं आली, गाद्या लागायला लागल्या. "तवा मला बरं वाटलं. म्हनलं, ह्या गाद्यांवर लेकरं झोपतील, उठतील, अभ्यास करतील."

मला राहवलं नाही. म्हणाले, अब्बा, मी माझ्या लेकरासाठी तुम्हाला घराबाहेर काढलं.

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, "तू कापूस काढलास. मी कापसासंगं गेलो. पिंजारी दुसरीकडं कुठं जाईल?"

माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात किती हलका झालाय.

१ ऑक्टोबर

मोहसीनला त्यांनी जवळ बोलावलं. मी बाहेरून ऐकलं – "फुंकून ये एकदा." मोहसीन म्हणाला, दिवाळीच्या ऑर्डरी होऊ द्या अब्बा. अब्बा भिंतीकडं वळले.

३ ऑक्टोबर

अब्बा गेले. जुम्म्याला, नमाजाच्या आधी.

६ ऑक्टोबर

बकरी ईद. कुणी नवं घातलं नाही. शरणम्मा भाकरी आणि पिठलं घेऊन आली, ओट्यावरच बसून राहिली. ती गेल्यावर ओटा दिवसभर रिकामा.

अफसाना तिच्या खाटेवर झोपत नाही. खाली, खाटेजवळ झोपते. तिला वर्षभरात इतकं बरं कधीच नव्हतं, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

१२ ऑक्टोबर

शेड झाडायला मी गेले होते. झाडायला नाही, पुसायला. शटर पूर्ण वर केलं. शेजारच्या क्लासमधून शिकवण्याचा आवाज येत होता, हवा, प्राणवायू, असलं काहीतरी. कोपऱ्यात अब्बांचं अंथरूण. घडी घातलेलं. मोहसीन म्हणाला, राहू दे, दिवाळीपर्यंत मीच झोपत जाईन इथं, माल पडून आहे.

फडकं पिळलं, पाणी पांढरं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मोहसीन शेडवर निघाला होता. एका पायात चप्पल घातली आणि उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "सबिहा, शनिवारी माझीबी छाती आवळती. लई दिवस झाले."

मी शेडची चावी मागितली. त्यानं दिली.