रक्त की रस्ता

मॅडम, परवा माझ्या एका विद्यार्थिनीने मशीन लर्निंगचं काम दाखवलं. आजारी कोण, निरोगी कोण, सगळी उत्तरं बरोबर. पोरगी हवेत होती. मी विचारलं, "ही माणसं दवाखान्यापर्यंत आली कशी?" ती पुन्हा आकडेच दाखवायला लागली. माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला होता, म्हणून आज लिहायला बसले.

नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्यात हा शब्द कुणी ऐकला नव्हता. आपण 'यंत्राला शिकवणं' म्हणायचो. तुमच्या खोलीत मेडिकल कॉलेजचा एकुलता एक संगणक. वीज गेली की केलेलं सगळं पाण्यात. मी जळगावची, संख्याशास्त्राची पदवी घेतलेली, घरी वडिलांचं किराणा दुकान. दुकानावर बसायचं सोडून ही डॉक्टरणीकडे आकडे कसले मोडते, हे आबांना कित्येक वर्षं कळलं नाही. तुमच्या डोक्यात मात्र सातपुड्यातल्या पोरांचा सिकलसेल बसला होता. रक्ताची पक्की तपासणी धुळ्यातच व्हायची आणि प्रत्येक पोर इथवर आणणं शक्य नव्हतं. फिकट डोळे, वाढलेली प्लीहा, सांधेदुखी एवढ्यावरून आधी कुणाला बोलवायचं ते यंत्राने सांगावं, हा तुमचा हट्ट. ते चुकलं तर आजारी पोर डोंगरातच राहणार होतं.

दोंडाईचाकडच्या शिबिरातल्या पोरांची कार्डं, लक्षणं आणि रक्ताचा निकाल लिहिलेली, तुम्ही मला दिलीत आणि यावलकडची यंत्राच्या परीक्षेसाठी कपाटात बंद केलीत. "पेरणीचं बियाणं खायचं नसतं," म्हणालात. महिनोन् महिने खपून मी प्रोग्राम लिहिला. दिलेल्या कार्डांवर तो कुठेच चुकेना, तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊनच तुमच्याकडे आले. तुम्ही शांतपणे कपाट उघडलंत. यावलची कार्डं घातली तर यंत्राने जवळजवळ सगळी पोरं आजारी ठरवली, धडधाकटसुद्धा. तुम्ही हातातला पेढा परत ठेवलात, पुडा बंद केलात. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. यंत्र काय शिकलं ते तुला ठाऊक नाही, मग शिकवलं म्हणून सांगू नकोस." मला इतका राग आला की एसटी स्टँडवर बसून रडले. जळगावची गाडी लागली, सुटली. मी चढले नाही. आबांना 'तुमचं खरं' म्हणायला मी तयार नव्हते.

रविवारी तुम्ही घरी बोलावलंत. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झालेली, आणि आपण दोघी स्वयंपाकघरात त्यांची सालं काढतोय. तुम्ही म्हणता, "दोंडाईचाच्या शिबिरात काय पाहिलंस ते सांग. आकडे नकोत." मी घुश्शातच सांगतेय. लांबच्या पाड्यावरून एक बाप आला होता, पोरीला खांद्यावर घेऊन. कशाला एवढं चालत आलात विचारलं तर म्हणाला, "पोरना पाय दुखतस बाई, म्हनीसन खांदावर लई उनू." आणि निरोगी पोरं? ती सडकेलगतच्या गावांतली, आयांबरोबर बाजाराला आलेली, जाता जाता तपासून घेतलेली. इथे माझे हात थांबले. कार्डावर गावाच्या अंतराचा रकाना होता. दुखणं असल्याशिवाय लांबून कुणी आलंच नव्हतं. यावलला मात्र आपणच जीप पाठवून लांबच्या पाड्यांवरची सगळी पोरं आणवली होती.

"तुझ्या यंत्राला रक्त कळलं नाही, रस्ता कळला," तुम्ही म्हणालात, आणि ताटात भाकरी वाढलीत.

अंतराचा रकाना काढून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. यावलची कार्डं आता पाहून झालेली, म्हणून चोपड्याकडे नवीन शिबिर घेतलं. ती कार्डं कपाटात ठेवून तुम्ही किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. "काम संपल्यावरच उघड. माझ्याकडे मागायला येऊ नकोस." मला कुणी दिलेल्या भेटींत तिच्याएवढी मोठी कुठलीच नाही. मग तुमचं दुखणं निघालं आणि तुम्ही जळगावला बहिणीकडे गेलात. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही पडल्या पडल्याच विचारलंत, "काय निघालं गं?" मी म्हटलं, "अजून उघडलं नाही, मॅडम. थोडं बाकी आहे." तुम्ही मान हलवलीत, बहुतेक समाधानाने. आठवड्याभरात तुम्ही गेलात.

त्यानंतर मी कपाट उघडलं. यंत्र काही ठिकाणी चुकलं, पण आजारी पोरांपैकी बहुतेक त्याने ओळखली होती. मग यंत्राने सांगितलेली नव्या पाड्यांवरची पोरं धुळ्याला बोलावली. औषधं सुरू झाली. पुढे दुसऱ्या तालुक्यांतही तीच रीत चालली. आबांनीही एकदा दुकानात कुणाला तरी सांगितलं, आमची पोरगी डॉक्टरांच्या कामाची आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं, मॅडम? किल्ली अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी शिस्तीची म्हणून विद्यार्थ्यांत माझा दबदबा आहे. पण तुम्ही विचारलंत त्या दिवशी काहीच बाकी नव्हतं. काम संपलेलं होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पुन्हा एकदा तुमच्या हातून पेढ्यांचा पुडा बंद होताना पाहायची माझी हिंमत झाली नाही.