बोटभर कड

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. मुलं धडधाकट आहेत, कुणाचंही बोट कापलेलं नाही, आणि मधल्याच्या केसांत गेलेली खळ दोनदा डोकं धुऊन निघाली. फोन असताना ही बाई कागद का खराब करत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर तू चालता चालता बोलतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते मध्येच तुटलं तर पुन्हा सुरू करायचं धैर्य माझ्यात नाही. परवा रविवारी तू मुलांना न्यायला येशील आणि माझं उत्तर मागशील. मुलांना सोडायला आलीस तेव्हा जाता जाता जिन्यात थांबून विचारलंस, आई, आता आमच्याकडेच राहायला ये ना, खिडकीपाशी तुझं टेबल लावू. मी 'बघू' म्हटलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून शिकंजा आवळून आले. त्यात मुलांचं पुस्तक दाबून ठेवलंय. आवळायला आता काही उरलेलं नाही, तरी जाते.

तुझी तीन पोरं म्हणजे तीन वेगळ्या गावची माणसं आहेत. चार, आठ आणि तेरा वर्षांची डोकी एका टेबलाशी बसवायची कशी, हे मला जन्मभर पुस्तकं बांधूनही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिघांना एकच काम दिलं. परातीत पाणी, पाण्यावर रंगाचे थेंब, आणि वरून कागद अलगद टेकवायचा, म्हणजे वहीच्या पुठ्ठ्यावर असते तशी लाटालाटांची अबरी उमटते. धाकट्या चिंगीने कोपरापर्यंत हात घातला. मधल्याने, म्हणजे आमच्या मुकादमाने, थेंब किती हवेत ते विचारून मला भंडावून सोडलं. आणि थोरली, आमच्या वकीलीणबाई, भिंतीला टेकून उभ्या. हे सगळं लहान मुलांचं असतं, हे त्यांचं म्हणणं. मी चिडले. एकही कागद सरळ निघाला नाही. फरशी मात्र अशी रंगली की अजून ओला कपडा फिरवला की थोडी निळाई येते.

दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले आणि कामं वाटून दिली. चिंगीला मोठा ब्रश आणि खळीचं भांडं. चार वर्षांचा हात खळ लावण्यासाठीच केलेला असतो, कंजूषपणा म्हणून नाही. मुकादमाला घड्या घालायला बसवलं. हाडाची पट्टी घडीवरून फिरवली की कागद कसा गुमान बसतो, ते बघून तो इतका खूश झाला की जेवायच्या रुमालाचीही घडी दाबून ठेवतो. आणि थोरलीच्या हातात मी दाभण आणि दोरा दिला. पहिलं जुझ, म्हणजे घड्यांचा पहिला गठ्ठा, तिने उपकार केल्यासारखं शिवलं. तिसऱ्याला माझा टाका सैल आहे म्हणून मलाच उसवायला लावलं. ठमे, मी हसले किती म्हणून सांगू. संध्याकाळी गाल दुखत होते. एक खळ सांडतेय, एक ओरडतोय की माझी अकरावी घडी कोणी घेतली, एक दोरा दातांनी तोडून मान वर न करता दोघांना गप्प बसवतेय, आणि मी मध्ये उभी. या खोलीत इतका गोंगाट कधी झालाच नव्हता. तुझ्या लहानपणीही नाही. तेव्हा तू टेबलाखाली बसून गुपचूप चित्रं काढायचीस.

मग ठरलं की या सुट्टीचं पुस्तक करायचं. प्रत्येकाने रोज एक चित्र काढायचं. मी कागद दिला तोच, जो तुला द्यायची. त्याच मापाचा गठ्ठा मी अजून मागवते. वकीलीणबाई पानाला चौकट आखून आत नेमकं चित्र काढते. मुकादम सगळ्याची मापं लिहितो, मांजराच्या शेपटीचीसुद्धा. चिंगी मात्र कडेपासूनच सुरू करते. तिचा घोडा अर्धा पानावर असतो, अर्धा टेबलावर. टेबलावरचा पुसायला ती मला अजून परवानगी देत नाही.

माझी अस्वस्थता खरी तिथून सुरू झाली. तुला माहीत आहे, कड वाकडी दिसली की माझे हात शिवशिवतात. शिवलेलं पुस्तक तीन बाजूंनी कापल्याशिवाय मी कधी कुणाच्या हातात दिलेलं नाही. पाचव्या दिवशी थोरलीने विचारलं, आजी, दुकानातल्यासारखं गुळगुळीत कधी करणार? मी म्हटलं, चिंगीची चित्रं कडेला आहेत, ती कापली जातील. त्यावर ती उठली आणि तिच्या बॅगेतून तू पाठवलेली वस्तू घेऊन आली. निळ्या कापडाचं पुस्तक. तुझं.

तू ते अजून ठेवलं आहेस, हे मला माहीत नव्हतं. मुलांबरोबर का पाठवलंस, तेही कळलं नाही. कदाचित सहजच, आजीने तुमच्या आईलाही पुस्तक करून दिलं होतं हे दाखवायला. मला मात्र खुर्ची ओढून बसावं लागलं. मुकादमाने लगेच पट्टी काढली. नवा कोरा कागद तुझ्या पानावर ठेवला, इकडून मोजलं, तिकडून मोजलं आणि म्हणाला, वर दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी आहे, खाली दोन सूत, पण आजी, उजवीकडे बोटभर कमी कसं? मी खळ ढवळायला लागले. उत्तर वकीलीणबाईने दिलं, आणि माझ्या बाजूने दिलं.

"तिथे आईने आजोबा काढले होते. पण आजीला दिसलंच नव्हतं. आई म्हणते, आजीचे डोळे तेव्हा कामाने थकलेले असायचे."

तू लोकांचे डोळे तपासतेस, तेव्हा तुझा शब्द मुलांना पटतो. मुकादमाने पट्टी ठेवून दिली. चिंगीने येऊन माझा चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि होता त्याहून चिकट करून परत घातला. मला पहिला चष्मा तूच करून दिला होतास, आठवतं? काचा बदलून बदलून विचारत होतीस, आता दिसतंय का आई, आता? तेव्हाही खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, आणि मी नुसतीच भिंतीवरची अक्षरं वाचत राहिले.

त्या दिवसापासून आठवडा झाला. मुलं रोज मागे लागतात, कापायचं कधी. मी कापणीच्या मशीनपाशी जाते, दांडा धरते आणि काहीतरी निमित्त काढून परत येते. काल चाकाला तेल दिलं, आज पुन्हा दिलं. मुकादमाला संशय आलाय की मला ते चालवता येत नाही, आणि तो मला समजावून सांगायला लागलाय.

आता तिघं अंगणात आहेत, खिडकीतून आवाज येतोय, तेवढ्यात लिहून टाकते. तू तेव्हा मुकादमाएवढी होतीस. त्या वर्षी तुझे बाबा घर सोडून गेले आणि दुसरीकडे त्यांनी संसार मांडला. तू सुट्टीभर टेबलाखाली बसून चाळीस चित्रं काढलीस, गठ्ठा माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, आई, याचं खरंखुरं पुस्तक कर. मी केलं. त्याला माझ्याकडचं सगळ्यात चांगलं निळं कापड लावलं. तू पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटलंस, मग पुन्हा पहिल्यापासून. मग हळूच म्हणालीस, "आई, कडेला बाबा होते." मी म्हटलं, हो का गं, मला दिसलंच नाही, कापावं तर लागतंच ना. तू मान हलवलीस. कात्रणांच्या टोपलीत वाकून बघितलंस. टोपली रिकामी होती. त्यानंतर तू चित्र काढलं नाहीस. लोकांना मी सांगत आले, अभ्यासात रमली, आवड गेली.

ठमे, नेहमीची कापणी दोन सूत असते. पातं उजव्या कडेला बोटभर आत सरकलं ते चुकून नाही. चाक फिरवून ते मी सरकवलं होतं. प्रत्येक पानाच्या कडेला चौकड्यांच्या शर्टातले, एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभे असलेले तुझे बाबा मला दिसले होते. चाळीसच्या चाळीस पानांवर दिसले होते. मी कुठेच नव्हते, एकाही पानावर, आणि ते गेलेले असून सगळीकडे होते. त्याचा मला इतका राग आला की मी दांडा खाली ओढला. टोपली रोज संध्याकाळी रिकामी करते, ती त्या दिवशी दुपारीच केली. तू इतकी वर्षं माझ्या डोळ्यांची बाजू घेतलीस आणि आता तुझी मुलंही घेतात. ते मला सोसवत नाही, म्हणून लिहिलं. मुकादम घरी येऊन तुला ते बोटभराचं माप सांगेल ही भीतीही आहे, ती लपवत नाही. मुलांचं पुस्तक मी कापणार नाही. तिन्ही कडा वाकड्या ठेवून देणार आहे, चिंगीचा घोडा जिथवर आहे तिथवर राहू दे. तुझ्या घरी यायची मला फार इच्छा आहे. पण तू विचारलंस ते जिला दिसलं नव्हतं त्या आईला. हे पत्र आजच कुरियरने पाठवतेय, उद्या तुला मिळेल. वाचून झाल्यावर, रविवारी मला बघून, पुन्हा विचारावंसं वाटलं तर विचार. नाहीतर जिन्यातूनच हाक मार, मी मुलांना खाली पाठवीन.

तुझीच,
आई